नऊवर काटा

जनकाबाईंनी मशीन उचलून ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर आडवी केली, आणि मागच्या टाकीतलं पाणी भसकन सांडून फरशीवर आलं. टाकी आधी काढायची असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "अगं माय!" असं मोठ्यानं म्हणून त्यांनी पदर खोचला, आणि भाजी चिरायच्या सुरीचं टोक एका स्क्रूत घालून त्या फिरवायला लागल्या.

बाहेरच्या खोलीत किसनराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुरी स्क्रूवरून घसरली. ज्या माणसानं तीस वर्षं वरवट बकालच्या बसस्टँडजवळ फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्याला हा आवाज कुठेही तोंड केलं तरी ऐकू येतोच.

"काय करून राह्यली व?"

"काही नाही. पडा तुम्ही."

"सुरी घातली का स्क्रूत?"

"मंग काय घालू? पेचकस तुमच्या पेटीत हाय. पेटीले हात लावला तं तुम्ही बोंबलता."

सुरी पुन्हा घसरली, या वेळी जरा जास्तच कर्कश.

"प्लग काढला का?"

"कोणता?"

तेव्हा ते उठून बसले. बसताना डोळ्यांपुढे अंधारी आली, ती जाईपर्यंत त्यांनी खाटेची कड धरून ठेवली.

"टाकीत पाणी, प्लग लावलेला, अन् वरतून सुरी," ते म्हणाले. "मी जाऊनच राह्यलो ना? तुले कायची घाई झाली?"

जनकाबाईंनी प्लग काढला.

मशीन कॉफीची होती. सुचितानं, त्यांच्या मुलीनं, दिवाळीला पुण्याहून आणलेली. तिच्या ऑफिसातलं कोणीतरी परदेशी गेलं आणि जाताना ही मागे ठेवून गेलं. वरवट बकालमध्ये असलं यंत्र कोणी पाहिलं नव्हतं, किसनरावांना डायलिसिसला नेणारा व्हॅनवाला रहेमतुल्ला तर पहिल्या दिवशी ते पाहून म्हणाला होता, "काय मिस्त्री, आता घरीच करता का डायलिसिस?"

तसं पाहिलं तर त्याचं फार चुकलं नव्हतं. यंत्र आलं होतं ते दुखण्यामुळेच. किसनरावांच्या किडन्या जाऊन दोन वर्षं झाली होती. इकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात या दुखण्याचं कोणाला नवल वाटत नाही, पण ज्याच्या घरी येतं त्याच्या घरातलं पाणी मापानं होतं. डॉक्टरांनी दिवसाचं सातशे मिली बांधून दिलं होतं. गोळ्या गिळायचा घोट, वरणाचं पाणी, चहा, सगळं त्यातच. जनकाबाई रोज सकाळी एका बाटलीत तेवढं मापून भरत आणि फळीवर ठेवत. संध्याकाळपर्यंत किसनरावांची नजर त्या बाटलीवरून हलायची नाही.

आणि हा माणूस दुकानात बसून दिवसाला दहा-बारा चहा पिणारा! अर्धा कप चहानं त्याचं काय होणार? सुचितानं डॉक्टरांना विचारलं, दिवसातून एकच, लहानशी, चालेल असं कबूल करून घेतलं आणि मशीन घेऊन आली. "बाबा, तीस मिली फक्त. पण अख्ख्या कपाची तलफ भागते," ती म्हणाली. पहिला घोट घेऊन किसनरावांनी तोंड वाकडं केलं होतं. जहर कडू. सुचितानं मोबाइलवर शोधून सांगितलं की कंपनीतून प्रेशर फार वर ठेवून येतं, ते नऊ बार पाहिजे.

"नऊ बार म्हंजे आपल्या फवारणी पंपाचे नऊ किलोच," किसनराव म्हणाले होते, आणि दिवाळीची तीन दिवसांची सुट्टी बापलेकीनं मशीन उघडण्यात घालवली होती. बॅटरी धरून उभ्या होत्या जनकाबाई. त्यानंतर पाच महिने रोज चार वाजता ती एवढीशी वाटी किसनरावांच्या हातात येत होती. ते अर्धा तास पुरवून प्यायचे. दिवसभरात तेवढाच अर्धा तास ते बाटलीकडे पाहत नसत.

सोमवारी मात्र खामगावहून डायलिसिस करून आल्यावर, चप्पल काढता काढता त्यांनी सांगून टाकलं.

"गुरुवारपासून मी जात नाही."

जनकाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"मी गिऱ्हाइकाले सांगत नव्हतो का, भाऊ, याच्यावर आता मेहनत नको घेऊ. वायसर बदलला तं सील जाते, सील बदललं तं पिस्टन जाते. भंगारात घाल. तेच मी आता मले सांगून राह्यलो." ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. "चार घंटे त्या मशीनले बांधून पडाचं, घरी येऊन झोपाचं, उठलं की पुन्हा तीच गाडी. अन् आता हा उन्हाळा. नाही निघत माझ्यानं, जनके. थकलो मी."

"भंगारवाला तरी घेईन का तुम्हाले?" जनकाबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

किसनरावांना वाटलं होतं बाई रडेल, भांडेल, सुचिताला फोन लावेल. यातलं काही झालं नाही. त्यांनी भाकरी वाढली, गोळ्या दिल्या, अंथरूण घातलं. झोपायच्या आधी नेहमीसारखं त्यांच्या डाव्या मनगटावर बोट ठेवलं. डायलिसिससाठी तिथं शीर जोडलेली होती, आणि आत रक्ताची बारीक थरथर सतत लागायची. "चालू हाय मोटर," किसनराव रोज म्हणायचे. त्या दिवशी ते बोलले नाहीत. जनकाबाईंनीही बोट लवकर उचललं नाही.

मंगळवारी कॉफी कडू आली. दिवाळीच्या पहिल्या घोटासारखी, जहर. त्यांनी वाटी बाजूला सारली. "मशीन बिघडली वाटते," जनकाबाई म्हणाल्या. "पाहता का?" "फेक ते," किसनराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. आज बुधवार. पाच वाजता रहेमतुल्ला पक्कं विचारायला येणार होता, कारण टुनकी गावची एक बाई व्हॅनमधल्या जागेसाठी थांबली होती. किसनराव नाही म्हणाले की ती जागा तिची.

भिंतीचा आधार घेत ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. फरशीवर पाणी पसरलं होतं. अर्ध्या दिवसाचं तरी असेल, असा हिशेब डोळ्यांनी आपोआप केला, आणि मग त्यांना त्याचा राग आला.

"पूस ते आधी. घसरशीन."

"पुसते. तुम्ही कायले उठले?"

"तू बसू देशीन तं ना! सरक."

लाकडी स्टुलावर ते बसले. बसण्यातच दम लागला. त्यांनी मशीन सरळ केली, कान लावून जरा हलवली, मग बोटानं वरच्या जाळीखाली चाचपून पाहिलं. पाच महिने मशीनला फक्त जारचं पाणी वापरलं जात होतं, तरी त्यांनी विचारलं.

"पाणी बोअरचं तं नाही घातलं?"

"मी काय येडी हाव?"

"पूड?"

"तीच. सुचितानं पाठवलेली. पाकीट बी तेच."

"मंग प्रेशरच चढलं." ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "दाब लय झाला की पाणी पुडीतून वाट फोडते. रस घेत नाही, नुसता कडूपणा घेऊन येते. पेटी आण."

"आणू? बोंबलणार तं नाही?"

"आण व!"

जनकाबाई खाटेखालची लोखंडी पेटी ओढायला गेल्या. पाठमोऱ्या असताना त्यांनी पदरानं तोंड पुसलं. या माणसाची रग त्यांना माहीत होती. लग्नाच्या दिवशी हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि मांडवातला जनरेटर बंद पडला. वऱ्हाडी पाहतच राहिले. नवरदेव मुंडावळ्या कानामागे टाकून जनरेटरसमोर उकिडवा बसला होता. भटजी ओरडत होते, मुहूर्त चालला. "एक मिनिट," नवरदेव म्हणत होता. हळदीचे हात काळे करून तो बोहल्यावर आला, आणि त्याच हातांनी जनकाबाईंच्या गळ्यात माळ घातली. लग्नाच्या शालूवरचा तो डाग पुढे कधी गेला नाही. एवढंच काय, सासरे वारले तेव्हा तेराव्याच्या पंगतीतून उठून तो एका शेतकऱ्याच्या पंपाला वायसर घालून आला होता. माणसाला तोंड फिरवता येत होतं, बिघडलेल्या यंत्राला नाही.

फुलीच्या पेचकसानं किसनरावांनी चार स्क्रू काढले. डाव्या हाताला जोर द्यायचा नव्हता, म्हणून मशीन जनकाबाईंनी दोन्ही हातांनी दाबून धरली. वरचं झाकण निघालं. आत वळणावळणाच्या नळ्या, मधोमध पंप, आणि पंपाच्या डोक्याशी एक पितळी व्हॉल्व्ह. फवारणी पंपाच्या रेग्युलेटरचाच हा धाकटा भाऊ. आत स्प्रिंग, वरचा नट कसला की स्प्रिंग दबते आणि प्रेशर चढतं, ढिला केला की जादा पाणी मागच्या नळीनं टाकीत परत जातं. शेतकरी यायचे आणि म्हणायचे, वाढव मिस्त्री, अजून वाढव. किसनराव सांगून सांगून थकायचे, की बाबा, दाब वाढला म्हणजे काम वाढलं असं नाही, औषध पानावर बसत नाही, वाऱ्यावर जाते. कोणाला पटायचं नाही.

"बॅटरी धर. खाली. माझ्या डोळ्यात नको."

उजेड व्हॉल्व्हवर पडला, आणि किसनराव थांबले.

दुकानातून सुटणाऱ्या प्रत्येक पंपाच्या नटावर त्यांची एक खूण असायची. लाल रंगाची एक रेघ, अर्धी नटावर, अर्धी त्याच्या बॉडीवर. गिऱ्हाईक घरी जाऊन नट फिरवायचं आणि वर भांडायला यायचं, की मिस्त्री, तुम्हीच बिघडवला. रेघ तुटलेली दाखवली की भांडण संपायचं. दिवाळीला पेंटची डबी वाळलेली निघाली, तेव्हा सुचितानं आपली नेलपॉलिशची बाटली दिली होती. त्याच लाल रेघेचा खालचा अर्धा तुकडा जागेवर होता. वरचा तुकडा नटाबरोबर उजवीकडे पाऊण फेरा फिरून गेला होता.

पंपाच्या थरथरीनं नट ढिला होतो, हे दुकानातल्या पहिल्या महिन्यात शिकायची गोष्ट. पण आपल्या आपण कसत गेलेला नट किसनरावांनी तीस वर्षांत एकही पाहिला नव्हता.

"याले कोणी हात लावला व्हता का?"

"कोण लावीन?" बॅटरीचा उजेड जरासा हलला. "घरात हाय कोण आपल्याबिगर?"

"उंदीर तं फिरवत नाही ना नट."

"आता तुमच्या नटाचं मले काय माहीत? तो डबा काढू का, काट्याचा? वर माळ्यावर हाय."

"काढ."

बॅटरी ओट्यावर ठेवून जनकाबाई स्टीलच्या डब्यावर चढल्या आणि माळ्यावर हात घालून चाचपू लागल्या. किसनरावांनी पेटीत हात घातला. पाने सगळे तळाशी, एकावर एक. दहा-अकराचा, चौदा-पंधराचा, सोळा-सतराचा. जुन्या ग्रीसनं काळे, बोटाला चिकटणारे. दोन वर्षांत त्यांना हात लागला नव्हता. त्यांच्यामध्ये बारा-तेराचा पाना मात्र लख्ख होता.

त्यांनी तो उचलला. ग्रीसचा टिपूस नाही. नाकाशी नेला, तर भांडी घासायच्या साबणाचा लिंबासारखा वास आला. तोंडाच्या बेचक्यात, पुसायचा राहिलेल्या ओलीनं, गंजाची तांबूस रेष धरली होती. एक-दोन दिवसांची.

घरात या पान्यांबद्दल एकच कायदा होता आणि तो जनकाबाईंचा होता. तीस वर्षं याच पान्यांनी विषाचे पंप उघडलेले. हात लावला तर साबणानं दोनदा हात धुवायचे, स्वयंपाकघरात आणायचे नाहीत. लहानपणी सुचितानं एकदा पाना भातुकलीत घेतला तेव्हा तिच्या पाठीत असा धपाटा बसला होता की पोरगी दोन दिवस आईशी बोलली नाही. दिवाळीला मशीनला लावायच्या आधी किसनरावांनी स्वतः हा पाना रॉकेलनं पुसून घेतला होता, आणि काम झाल्यावर पुन्हा ग्रीसच्या ढिगात टाकला होता. नट कोणता, पाना कोणता, कोणत्या बाजूला फिरवलं की काय होतं, हे सगळं बॅटरी धरणाऱ्या बाईनं तेव्हा पाहिलं होतं.

म्हणजे मंगळवारी, ते खाटेवर भिंतीकडे पाहत पडलेले असताना, बाईनं ही पेटी आवाज न करता ओढली. मशीन उघडली. उजवीकडे पाऊण फेरा. पण ज्या व्हॉल्व्हमधून नवऱ्याच्या कपातलं पाणी जातं त्याला विषाचा पाना कसा लावायचा, म्हणून आधी तो घासणीनं घासून, साबणानं धुऊन घेतला. कॉफी बिघडवायला निघालेल्या बाईनं पाना धुऊन घेतला!

किसनरावांना हसू आलं. पाना त्यांनी मांडीवर ठेवला. जनकाबाई डब्यावर उभ्या होत्या, टाचा उंचावलेल्या, पायाच्या भेगांत पिठाची पांढरी पूड. एकसष्ट वर्षांची बाई. पडली असती तर?

"उतर खाली," ते म्हणाले. "सापडला नाही तं राहू दे."

"सापडला."

बिस्किटांच्या डब्यात प्रेशर मोजायचा काटा होता, दिवाळीला जोडलेल्या नळीसकट. हाही फवारणी पंपाचाच, पण नवा, एकदाही औषधाला न लावलेला. मशीनच्या हँडलची खालची तोटी काढून त्या जागी तो घट्ट बसवला की पाण्याला वाट राहत नाही, सगळा दाब काट्यावर येतो. किसनरावांनी हँडल बसवलं. जनकाबाईंनी टाकी भरून मागे लावली, प्लग घातला.

"चालू कर."

पंप घुरघुरला. काटा सरसर चढला.

"किती?" त्यांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नव्हते, आणि चष्मा खाटेवर होता.

"चौदा."

"बंद कर. प्लग काढ."

त्यांनी धुतलेला पाना नटाला लावला. उजव्या हातात पूर्वीसारखी ताकद नव्हती; पहिल्या खेपेला नट हललाच नाही. बाईनं कसला मात्र जोर लावून! जनकाबाईंनी न सांगता आपला हात त्यांच्या हातावरून पान्याच्या दांडीवर ठेवला. दोघांनी मिळून ओढलं. नट डावीकडे आला.

"बास, बास. आता चालू कर."

"अकरा."

पुन्हा बंद, पुन्हा प्लग, पुन्हा पाना. दर खेपेला किसनराव श्वास घ्यायला थांबत होते. बाहेर उन्हानं पत्रा तडतडत होता. चौथ्या खेपेला त्यांनी नखभर फिरवलं, त्याहून जास्त नाही.

"आता?"

"नऊच्या जरा वर."

"जरा म्हंजे किती? सुतभर का बोटभर?"

"सुतभर."

"पाण्याचा ताव बसला की येईन खाली. थांब." ते काट्याकडे पाहत राहिले, आकडा दिसत नव्हता तरी.

"आला," जनकाबाई म्हणाल्या. "नऊवर आला. बराबर."

किसनरावांनी भिंतीला पाठ टेकली. कपाळावर घाम आला होता. आज कितीतरी महिन्यांनी दुखण्याशिवाय दुसऱ्या कशानं तरी आपण दमलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते दमणं त्यांना बरं वाटलं.

"सुचिताची ती लाल बाटली कुठं हाय?"

जनकाबाईंनी देवळीतून बाटली आणून दिली. त्यांनी नटावर आणि बॉडीवर मिळून नवी रेघ ओढली. जुनी तशीच राहू दिली. झाकण लावलं, स्क्रू कसले.

पावणेपाचला वाटी आली. बाटलीतलं तीस मिली कमी झालं. त्यांनी साखर ढवळली, ओठ लावले आणि घोट जिभेवर धरून ठेवला. कडू होती, पण कॉफीनं जेवढं कडू असावं तेवढीच. मागून तो भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंगपणा आला, जो काल आला नव्हता.

"कशी?"

"हाय."

एवढं जनकाबाईंना पुरलं. त्या ओटा पुसायला लागल्या.

पाच वाजता दारात व्हॅन थांबली. रहेमतुल्ला नेहमीसारखा ओरडतच आत आला, पण किसनराव स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले पाहून दारातच थबकला. खाटेकडे पाहायची तयारी करून आला होता बिचारा.

"क्या बात है, मिस्त्री. दुकान चालू केलं का?"

"बस. चहा घेतो का?"

"घेतलाच हाय. आता बसत नाही, रोजा नाही पण घाई रोज्यासारखीच हाय." तो उभ्याउभ्याच रुमालानं मान पुसत राहिला. विनोद झाला, आता कामाचं बोलायचं होतं, आणि ते त्याला जड जात होतं. "उद्याचं विचारून राह्यलो होतो. मागच्या सीटवरचे भगवानराव वारल्यापासून गाडीत कोणी बोलत नाही, किसनभाऊ. तुम्ही तरी शिव्या देता. मी जबरदस्ती करणारा कोण, पण... ते टुनकीची बाई. तिचा पोरगा दोनदा येऊन गेला. तिले काय सांगू?"

ओट्यावरचं फडकं थांबलं.

किसनरावांनी वाटीच्या तळाशी राहिलेला घोट पाहिला. तो ते नेहमी शेवटपर्यंत ठेवत. जनकाबाईंची पाठ त्यांच्याकडे होती. खांदे कानापर्यंत चढले होते, थंडीत चढतात तसे, आणि मार्चचं ऊन तर पत्र्यावर तापत होतं. बाई श्वाससुद्धा घेत नव्हती.

"मागच्या सीटवर किती बसतात?" त्यांनी विचारलं.

"तिघं."

"चौघं बसतीन सरकून. सगळे वाळलेलेच तं हाय. तिले घे." ते थांबले. "खिडकी मात्र माझी. ते मी सोडत नाही."

रहेमतुल्लाला कळायला एक क्षण लागला. "म्हंजे येता?"

"उद्याचं म्हणतो बे. सोमवारचं सोमवारी."

"हाव, हाव. सोमवारचं सोमवारी पाहू." रहेमतुल्लानं मान हलवली, आणखी काही बोलायला तोंड उघडलं, मग जनकाबाईंच्या पाठीकडे पाहून ते मिटलं. "साडेपाचले. हॉर्न वाजवतो."

"हॉर्न नको वाजवू. गल्ली उठते. मी ओट्यावरच बसतो."

व्हॅन निघून गेल्याचा आवाज बसस्टँडच्या दिशेनं विरला. जनकाबाईंनी फडकं पिळलं, वाळत घातलं. डोळे पुसले, उघडच पुसले, लपवलं नाही. मग खाली बसून त्या हत्यारं गोळा करायला लागल्या. पेचकस पेटीत टाकला. काटा बिस्किटाच्या डब्यात ठेवला. बारा-तेराचा पाना उचलला आणि तो इतर पान्यांवर टाकणार, एवढ्यात किसनराव बोलले.

"जनके."

"काय?"

"पाना धुतला तं पुसून, सुकवून ठेवत जाय. वल्ला ठेवला की गंजते."

जनकाबाईंचा हात पेटीवर तसाच राहिला. त्यांनी वर पाहिलं नाही. किसनराव वाटीतला शेवटचा घोट घेत होते, सावकाश, अजून पुरवत. मग जनकाबाईंनी पदराचं टोक घेतलं, पान्याच्या तोंडातली गंजाची रेष घासून घासून पुसली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि पाना पेटीत ठेवला. बाकीच्यांपासून जरा बाजूला.

"पुढच्या खेपेले सुकवीन," त्या म्हणाल्या.